ट्रान्समीटर, पीएलसी आणि व्हॉल्व्ह, तिन्ही सिल 3 प्रमाणित. मग आमचा ट्रिप लूप सिल 1 वर कसा आला?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: टाकीची पातळी मर्यादेच्या वर गेली की आवक बंद करणारा ट्रिप आहे. त्यात पातळी मोजून सिग्नल पाठवणारा एक लेव्हल ट्रान्समीटर, त्यावरून निर्णय घेणारा एक सेफ्टी पीएलसी (नियंत्रक संगणक) आणि आवक बंद करणारा एक शटडाऊन व्हॉल्व्ह. तिन्हींच्या प्रमाणपत्रांवर सिल 3 छापलेलं आहे (सिल म्हणजे सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल, सुरक्षेच्या भरवशाची पायरी; आकडा मोठा तितका भरवसा जास्त). लोपाने, म्हणजे संरक्षणाचे थर मोजून धोका ठरवणाऱ्या अभ्यासाने, या ट्रिपसाठी सिल 2 मागितलं, प्रूफ टेस्ट (दडलेले बिघाड शोधणारी पूर्ण चाचणी) दर 3 वर्षांनी मोठ्या शटडाऊनमध्ये होणार आहे, आणि पडताळणी करणाऱ्या सल्लागाराने निकाल दिला सिल 1. तुम्ही विचारताय, यातलं खोटं कोण?

माझ्या मते कोणीच नाही. सिल हा दर्जा संपूर्ण सुरक्षा फंक्शनचा असतो, म्हणजे सेन्सरच्या टोकापासून व्हॉल्व्हची सीट बंद होईपर्यंतच्या साखळीचा. सुट्या उपकरणाला प्रमाणपत्र मिळतं ते एवढंच सांगणारं, की सिल 3 च्या साखळीत हे वापरण्याजोगं आहे, आणि तेही काही अटींवर. पहिल्या पानावरचा मोठा आकडा सगळे वाचतात. अटी आत असतात, सेफ्टी मॅन्युअलमध्ये, आणि खरेदीच्या फाइलला बहुतेक वेळा फक्त पहिलं पान जोडलेलं असतं. माझा राग आहे तो या सवयीवर.

आता हिशेब. मागणी क्वचित येणाऱ्या फंक्शनसाठी आयईसी 61508 हे आंतरराष्ट्रीय मानक आणि प्रोसेस उद्योगासाठीचं आयईसी 61511 एकच मोजमाप वापरतात: गरज पडेल त्या क्षणी फंक्शन निकामी असण्याची सरासरी शक्यता, म्हणजे पीएफडी. सिल 1 म्हणजे 0.1 ते 0.01, सिल 2 म्हणजे 0.01 ते 0.001, सिल 3 म्हणजे 0.001 ते 0.0001. एकट्या उपकरणासाठी ढोबळ सूत्र असं: धोकादायक पण आपोआप न सापडणाऱ्या बिघाडांचा दर, गुणिले दोन प्रूफ टेस्टमधला काळ, भागिले 2.

तुमच्या प्रमाणपत्रांतले आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून उदाहरणादाखल धरतो. व्हॉल्व्ह, त्याला हलवणारा अ‍ॅक्च्युएटर आणि त्या अ‍ॅक्च्युएटरला हुकूम देणारा सोलेनॉइड मिळून दर 10 लाख तासांमागे असा 1 बिघाड, ट्रान्समीटरला दर 2 कोटी तासांमागे 1, आणि पीएलसीचा वाटा सरसकट 0.0001. वर्षातून एकदा टेस्ट केली, म्हणजे 8760 तासांनी, तर व्हॉल्व्हचा वाटा 0.0044, ट्रान्समीटरचा 0.0002, एकूण साधारण 0.0047. हे सिल 2 मध्ये बसतं. तीच उपकरणं, तीच प्रमाणपत्रं, पण टेस्ट 3 वर्षांनी: व्हॉल्व्हचा वाटा 0.0131, ट्रान्समीटरचा 0.0007, एकूण सुमारे 0.0139. सिल 1. एकही वस्तू न बदलता दर्जा एक पायरी खाली आला, कारण न सापडलेला बिघाड आत बसून राहण्याचा काळ तिप्पट झाला. यात प्रूफ टेस्टने प्रत्येक दडलेला बिघाड पकडला असंही मी गृहीत धरलंय. प्रत्यक्षात तसं होत नाही.

आकडे नीट पाहिलेत तर बहुतेक सगळा भार व्हॉल्व्हवर आहे. प्रोसेस प्लांटमध्ये हेच चित्र वारंवार दिसतं, तरी सगळी चर्चा आणि पैसा पीएलसीभोवती फिरतो. पहिली अट इथेच आहे. व्हॉल्व्हच्या प्रमाणपत्रात एक गोष्ट आवर्जून शोधा: बिघाडाचा दर आला कुठून? काही वेळा तो व्हॉल्व्ह हजारो वेळा उघडबंद करून काढलेला असतो. तुमचा व्हॉल्व्ह 3 वर्षं एकाच जागी उघडा उभा राहणार. सील चिकटणं, स्टेम जाम होणं, सीटवर थर जमणं हे न हलण्याचे आजार आहेत, आणि सतत हलणाऱ्या व्हॉल्व्हच्या चाचणीत ते दिसूच शकत नाहीत. तुमचं माध्यम चिकट किंवा साका धरणारं असेल तर आकडा आणखी वाईट धरावा लागेल.

दुसरी अट म्हणजे रचना. ट्रान्समीटरच्या प्रमाणपत्रावर बऱ्याचदा असं असतं की एकटा वापरला तर सिल 2, जोडीने वापरला तर सिल 3. आयईसी 61511 च्या 2016 च्या आवृत्तीतलं कोष्टकही सिल 3 साठी किमान एक बिघाड सहन करण्याची क्षमता मागतं, म्हणजे एक उपकरण मेलं तरी दुसऱ्याने काम केलं पाहिजे. तुम्हाला सिल 2 हवंय आणि मागणी क्वचित येते, म्हणून इथे अडत नाही. पण ‘सिल 3 घेतलंय, मग सिल 2 तर आपसूकच’ हा तर्क कुठे निसटतो ते कळावं म्हणून सांगितलं.

तिसरी अट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. ट्रान्समीटर स्वतःचा बिघाड ओळखून सिग्नल 3.6 मिलिअँपिअरच्या खाली किंवा 21 च्या वर नेतो. प्रमाणपत्रातला बिघाडाचा दर कमी दिसतो तो असे बिघाड ‘सापडलेले’ धरल्यामुळे. पण सापडणार कोणाला? पीएलसीला, आणि तेही त्यात तशी व्यवस्था केली असेल तरच. तुमचा ट्रिप वरच्या पातळीचा आहे. ट्रान्समीटर बिघडला की खाली जाईल असा सेट असेल आणि पीएलसी मर्यादेबाहेरचा सिग्नल वेगळा ओळखत नसेल, तर 3.6 मिलिअँपिअर म्हणजे ‘टाकी रिकामी’ असंच तो समजेल. टाकी भरत राहील आणि ट्रिप येणार नाही. कागदावर सापडलेला बिघाड तुमच्या प्लांटमध्ये धोकादायक होतो. हे तपासायला काही खर्च नाही, उद्याच तपासा. सोबत फर्मवेअरची आवृत्ती प्रमाणपत्रातल्या आवृत्तीशी जुळते का आणि राइट प्रोटेक्ट (सेटिंग कोणी बदलू नये म्हणूनची सोय) चालू आहे का, तेही पाहून घ्या. आणि स्फोटक वातावरणासाठीचं एटेक्स किंवा आयईसीईएक्स प्रमाणपत्र वेगळं. उपकरण ठिणगीचं कारण होणार नाही इतकंच ते सांगतं, ट्रिप होईल की नाही याबद्दल काहीच नाही.

तुमच्याच प्रकारचा ट्रिप इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेलसाठ्यावर होता. 11 डिसेंबर 2005 ला टाकी क्रमांक 912 चा लेव्हल गेज अडकला आणि पेट्रोल येत राहिलं. शेवटचा आधार म्हणून स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, तोही चालला नाही. त्याचा टेस्टिंगचा दांडा योग्य जागी धरून ठेवायला कुलूप लावणं आवश्यक होतं. ते कुलूप कशासाठी आहे हे साइटवर नीट पोचलंच नव्हतं, म्हणून ते लावलेलं नव्हतं. टाकी ओसंडली, बाष्पाचा ढग पेटला आणि 40 हून अधिक माणसं जखमी झाली. स्विच बसवलेला होता, पण तो कसा वापरायचा ही माहिती हाताळणाऱ्यापर्यंत गेली नव्हती. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने नियंत्रण यंत्रणांशी संबंधित 34 घटना तपासल्या होत्या. त्यांत 44 टक्के घटनांचं मुख्य कारण फंक्शनची मूळ मागणीच चुकीची किंवा अपुरी लिहिणं हे होतं, आणि 20 टक्क्यांत सुरू झाल्यानंतर केलेले बदल. उपकरणाचं प्रमाणपत्र या दोन्ही ठिकाणी काही करू शकत नाही.

आता तुमच्या लूपचं काय करायचं? टेस्टमधला काळ कमी करता आला तर सगळ्यात सरळ, पण त्यासाठी बायपास लाइन आणि बायपासच्या काळातली पर्यायी सुरक्षा लागते. दुसरा मार्ग पार्शल स्ट्रोक टेस्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद न करता थोडासाच हलवून पाहायचा. वरच्याच आकड्यांवर, दर 6 महिन्यांनी 60 टक्के बिघाड पकडणारी टेस्ट धरली तर एकूण पीएफडी साधारण 0.0073 येते. सिल 2 मिळतं, पण काठावर, आणि सीट गळते का हे या टेस्टमध्ये कळत नाही. तिसरा मार्ग म्हणजे मालिकेत दुसरा व्हॉल्व्ह, म्हणजे दोनपैकी एक बंद झाला तरी पुरे. दोन्ही एकाच कारणाने अडकण्याचा वाटा 10 टक्के धरला तरी एकूण 0.0023 च्या आसपास येतं.

निवड करण्याआधी सल्लागाराला एक प्रश्न विचारा: लोपाने नुसतं ‘सिल 2’ म्हटलंय की धोका किती पट कमी व्हायला हवा याचा आकडा दिलाय? सिल 2 चा पट्टा 100 पटांपासून 1000 पटांपर्यंत आहे. पार्शल स्ट्रोकने वरच्या उदाहरणात सुमारे 136 पट मिळतात, दुसऱ्या व्हॉल्व्हने 430 च्या आसपास. लोपाचा आकडा 200 असेल तर पार्शल स्ट्रोकवर खर्च करू नका, दुसरा व्हॉल्व्ह मागा.