सोंग-कुलच्या कुरणांवर कमी खर्चात राहायचे असेल तर मे महिना टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन किर्गिझस्तानातील सोंग-कुल सरोवराकाठच्या कुरणांवर जावे का, तिघांचा तिथला दहा दिवसांचा खर्च विमानभाडे सोडून एक लाख रुपयांत बसेल का, आणि घरात कोणीच मांसाहार करत नसल्यामुळे जेवणाचे काय करावे, असे आपण विचारले आहे. मी 2019 आणि 2023 अशा दोन उन्हाळ्यांत त्या कुरणांवर राहून आलो आहे. खर्च बसेल, मुलीला नेता येईल आणि जेवणाचीही व्यवस्था करता येईल. मे महिन्याचा विचार मात्र आपण सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोंग-कुल 3016 मीटर उंचीवर आहे, आणि कोचकोर गावाकडून तिथे जाणारा रस्ता 3447 मीटर उंचीची कल्माक-अशू खिंड ओलांडून जातो. मे महिन्यात या खिंडीत बर्फ असू शकतो. खिंड मोकळी असली तरी त्या वेळी वर राहायला काहीच नसते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तिथे कायमची वस्ती नाही. खालच्या गावांतली कुटुंबे जूनमध्ये मेंढ्या, गाई, घोडे घेऊन वर येतात, नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, तंबू उभारतात आणि सप्टेंबरमध्ये सगळे उचलून खाली जातात. या उन्हाळी कुरणाला ते ‘जायलू’ म्हणतात आणि तंबूला ‘बोज उय’. आपल्याकडचे धनगर पावसाळा संपल्यावर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी देशावर परततात, त्याच जातीचे हे शहाणपण आहे. फरक इतकाच की तिथे चाऱ्याचे वेळापत्रक पाऊस नव्हे तर बर्फ ठरवतो. आपला मुक्काम या कुटुंबांच्या आधारावर असणार, म्हणून आपल्या तारखाही त्यांच्या तारखांना जुळल्या पाहिजेत.

माझ्या मते जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा पहिला आठवडा सर्वांत चांगला. तेव्हा गवत हिरवेगार असते, उतारांवर रानफुले असतात आणि जुलैच्या मध्याइतकी गर्दी नसते. आपल्याकडच्या शाळा तोपर्यंत सुरू झालेल्या असतात हे खरे, पण आठवडाभराची शाळा बुडवणे हे रिकाम्या कुरणावर जाण्यापेक्षा नक्कीच परवडणारे आहे. ते अजिबात शक्य नसेल तर पंधरा ऑगस्टच्या आसपासची जोडून येणारी सुट्टी पाहावी. गवत पिवळे पडू लागलेले असते आणि रात्री अधिक गार असतात, तरी कुटुंबे वरच असतात.

जाण्याचा मार्ग असा. दिल्लीहून राजधानी बिश्केकला थेट विमाने असतात. दुसरा मार्ग शेजारच्या कझाकस्तानातल्या अल्माटीवरून जातो. भारतीय पारपत्रावर कझाकस्तानात चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, आणि अल्माटीहून बिश्केक रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. तिकिटांतला फरक कधी कधी मोठा असतो, म्हणून दोन्ही भाडी पाहूनच ठरवावे. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा आणि रस्त्याने सीमा ओलांडणार असाल तर तो कोणत्या नाक्यांवर चालतो हे आधी वाचून घ्यावे. सोंग-कुलसाठी वेगळा परवाना लागत नाही. चीनच्या सीमेजवळच्या केल-सू सरोवरासाठी मात्र सीमाभागाचा परवाना लागतो, तेव्हा कोणी दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत जोडून देऊ लागले तर नकार द्यावा. लहान मुलीसह तेवढी धावपळ झेपणार नाही.

बिश्केकच्या पश्चिम बसस्थानकावरून कोचकोरला ‘मार्शरुत्का’ म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या लहान व्हॅन सुटतात. भरली की निघते, वेळापत्रक नसते, म्हणून सकाळी लवकर गेलेले बरे. चार तासांच्या आसपास लागतात आणि वाटेत बूम घाटातला चू नदीकाठचा भाग फार सुंदर आहे. कोचकोरला किमान एक, शक्यतो दोन रात्री राहावे. बिश्केक सुमारे 800 मीटरवर, कोचकोर सुमारे 1800 मीटरवर आणि सोंग-कुल तीन हजारांच्या वर आहे. बिश्केकहून सकाळी निघून संध्याकाळी थेट सरोवरावर पोहोचणारी मंडळी रात्रभर डोकेदुखीने आणि मळमळीने हैराण झालेली मी पाहिली आहेत. मुले असे त्रास नीट सांगू शकत नाहीत. मुलगी जेवेनाशी झाली, सारखी झोपू लागली किंवा उलट्या करू लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. त्यासाठी कोणाकडे गाडी आहे याची चौकशी पोहोचल्याबरोबर करून ठेवावी. कोचकोरमधला मुक्काम वाया जात नाही: शनिवारी तिथे जनावरांचा बाजार भरतो, आणि नमद्याचे रंगीत तुकडे एकमेकांत बसवून ‘शिरडाक’ कसे शिवतात हे तिथल्या बायकांच्या घरी बसून पाहता येते. युनेस्कोने 2012 साली ही कला तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतली.

खर्च वाचतो तो प्रामुख्याने याच गावात. बिश्केकमधल्या दलालाकडून पाच दिवसांची सहल विकत घेऊ नये. कोचकोरमध्ये ‘सीबीटी’ नावाची, कुटुंबांच्या घरी पाहुण्यांची सोय करणारी व्यवस्था आहे. हेल्वेटास या स्विस संस्थेच्या मदतीने 2000 साली तिची सुरुवात याच गावातून झाली. तिथल्या कार्यालयात जाऊन समोरासमोर बोलावे, म्हणजे गाडी, तंबू आणि घोडे यांचे दर वेगवेगळे समजतात आणि लागेल तेवढेच घेता येते. गेल्या काही वर्षांत किर्गिझ सोम आणि रुपया जवळपास एकास एक राहिले आहेत, त्यामुळे हिशेब सोपा जातो. तंबूत एका माणसाची रात्र, संध्याकाळचे जेवण आणि न्याहारी धरून, साधारण दीड ते अडीच हजार सोमांत होते. सर्वांत मोठा खर्च कोचकोर ते सरोवर या जीपचा असतो आणि तो गाडीमागे असतो, माणशी नव्हे. म्हणून दुसऱ्या एखाद्या कुटुंबासह गाडी वाटून घ्यावी, आणि एकदा वर गेल्यावर एका रात्रीत परतू नये. तीन-चार रात्री एकाच कुटुंबाकडे राहिल्यास गाडीचे तेच भाडे जास्त दिवसांवर विभागले जाते, मुलीला त्या घरातल्या मुलांशी मैत्री करायला वेळ मिळतो, आणि दूध काढणे, साय घुसळणे, संध्याकाळी मेंढ्या परत आणणे ही कामे नुसती पाहण्याऐवजी त्यांत हात घालता येतो. माझ्या अंदाजाने बिश्केक तीन रात्री, कोचकोर दोन आणि सरोवर चार असा बेत एक लाखाच्या बराच आत बसेल.

किझार्त गावाहून घोड्यावरून तीन दिवसांत सरोवरावर जाऊन येणारी वाट प्रसिद्ध आहे. ती फार सुंदर आहे, पण घोड्याची सवय नसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी रोज पाच-सहा तासांचे खोगीर मी सुचवणार नाही. त्याऐवजी वर तंबूपाशीच दोन तासांसाठी घोडा घ्यावा आणि लगाम घरातल्या मोठ्या मुलाच्या हाती असू द्यावा. शिरस्त्राण घरूनच न्यावे, तिथे मिळेलच असे नाही.

आता जेवण. ताजा पाव, साय म्हणजे ‘कायमाक’, मुरंबा, लोणी आणि चहा हे सकाळ-संध्याकाळ भरपूर मिळते. अडचण रात्रीच्या जेवणाची असते, कारण भाज्यांचे सूपसुद्धा बहुधा मांसाच्या पाण्यात शिजते. ‘शाकाहारी’ हा शब्द सांगून उपयोग होत नाही. किर्गिझमध्ये ‘एत जेबेयम’, म्हणजे मी मांस खात नाही, असे सांगावे आणि मांस वेगळे काढून दिलेलेही चालणार नाही हे कोचकोरच्या कार्यालयातून आधीच वर कळवायला लावावे. तंबूतल्या शेणाच्या चुलीवर गरम पाणी सतत असते, म्हणून कोरडा उपमा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे तांदूळ बरोबर न्यावेत. आमच्या घरधनिणीने मेतकूट-भात चाखून पाहिला आणि पाककृती विचारली. घोडीच्या दुधाचे आंबवलेले ‘किमिझ’ आपल्याला दिले जाईल. त्यात किंचित मद्यांश असतो, म्हणून मुलीला देऊ नये, आपण मात्र निदान घोटभर घ्यावे. पाव कधीही उलटा ठेवू नये आणि उंबरठ्यावर पाय देऊ नये. दारासमोरची आतली जागा मानाची असते, तिथे बोलावल्याशिवाय बसू नये.

कपड्यांच्या बाबतीत तिथल्या उन्हाळ्यावर विसंबू नये. जुलैतही रात्री तापमान शून्याजवळ जाते आणि दुपारी अचानक गारा पडतात. लोकरीची टोपी, जाड मोजे, पावसाळी अंगरखा, आणि तितकेच आवश्यक म्हणजे सनस्क्रीन. झाड एकही नाही, सावली फक्त तंबूची. वीज सौरपट्ट्यांपुरती आणि मोबाइलचा संपर्क बेभरवशाचा, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि लागणारी सर्व रोकड कोचकोरच्या एटीएममधून काढूनच वर जावे. प्लास्टिकचा कचरा परत खाली आणावा. वर त्याची विल्हेवाट लावणारे कोणी नाही आणि गुरे तो खातात.

घरी दुर्बीण असेल तर तीही घ्यावी. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसणारे चक्रवाक उन्हाळ्यात मध्य आशियातल्या अशाच उंच सरोवरांकाठी पिले वाढवतात. सोंग-कुलच्या काठावर ते जोडीने चालताना दिसतील, आणि मुलीने भिगवण आधी पाहिले असेल तर ती त्यांना आपल्याआधी ओळखेल.