खसखशीचे अनारसे आणि लघवीची तपासणी

प्रश्न : माझ्या मुलाची व्यापारी जहाजावरील नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी ऐन दिवाळीत आली आहे. खसखस खाल्ल्याने अमली पदार्थांची चाचणी पॉझिटिव्ह येते, असे ऐकले. हे खरे आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खरे आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलेच बी. त्याच्या आत मॉर्फिन (अफूतील अमली द्रव्य) नगण्य असते. परंतु बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागतो आणि त्याबरोबर मॉर्फिन व कोडीन येतात. खसखस धुतल्यास त्यांचे प्रमाण बरेच घटते, मात्र अनारशाला आपण ती कोरडीच लावतो. (आपल्याकडे तिच्यावर बंदी नाही, पण संयुक्त अरब अमिरातीत आहे, तिकडच्या नातेवाइकांना फराळ पाठवताना हे अवश्य लक्षात ठेवावे.)

प्रयोगशाळेतील पहिली चाचणी प्रतिपिंडांवर (ठरावीक रचनेच्या रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनांवर, म्हणजे अँटिबॉडींवर) आधारलेली असते. प्रतिपिंड मॉर्फिनसारख्या रचनेचा रेणू ओळखते. तो अनारशातून आला, खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधातून आला की हेरॉइनमधून, हे त्याला कळत नाही. म्हणून ठरावीक मर्यादेच्या वरचाच निकाल पॉझिटिव्ह धरतात. अमेरिकेतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या तपासणीत ही मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २,००० करण्यात आली आणि त्यामागे खसखस हे एक प्रमुख कारण होते. जिथे अजून ३०० चीच मर्यादा वापरतात, तिथे खसखस सढळ हाताने लावलेले अनारसे ती ओलांडू शकतात.

पहिला निकाल हा केवळ संशय असतो. त्याची खातरजमा गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या जोडपद्धतीने करतात. लघवीतील बहुतेक मॉर्फिन ग्लुकुरॉनिक आम्लाशी बांधलेले असल्याने ते आधी विकराने (एन्झाइमने) मोकळे करतात, मग घटक वेगळे करून प्रत्येकाच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून त्याची ओळख पटवतात. तरीही ‘हे मॉर्फिनच आहे’ एवढेच सिद्ध होते. ते कुठून आले, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी ६-असिटिलमॉर्फिन शोधतात. हेरॉइनचे शरीरात विघटन होताना हा पदार्थ तयार होतो, खसखशीतून तो कधीच येत नाही. तो सापडला तर हेरॉइन निश्चित. पण लघवीतून तो काही तासांतच नाहीसा होत असल्याने, न सापडल्यास माणूस निर्दोष ठरतोच असे नाही.

तेव्हा अनारसे जरूर करावेत, मुलाने ते तपासणीनंतर खावेत. आधीचे तीन दिवस खसखस वर्ज्य ठेवावी. चालू असलेली औषधे नमुना देतानाच लिहून द्यावीत.

प्रश्न : लघवीऐवजी रक्त किंवा केस तपासले तर हा घोळ टळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काही अंशी टळेल. रक्तातून ६-असिटिलमॉर्फिन तासाभरातच जवळजवळ दिसेनासे होते, म्हणून रक्त ताज्या सेवनाच्या प्रश्नालाच उपयोगी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळाकडील तीन सेंटिमीटरांत तीन महिन्यांचा मागोवा मिळतो. मात्र गेल्या काही दिवसांतले सेवन त्यात दिसत नाही, कारण तो भाग अजून त्वचेबाहेर आलेला नसतो. बाहेरून बसलेल्या धुळीने फसगत होऊ नये म्हणून केस आधी धुतात, आणि काटेकोर प्रयोगशाळा ते धुतलेले द्रावणही तपासते.