‘होतंय की मावशी’ म्हणणं थांबवल्यावर

सामाजिक कार्यकर्त्यांना सल्ला देताना प्रश्न थोड्याफार फरकाने एकाच शब्दांत येतो: “लोकांची गरिबी हटत नाही, संस्थेकडे पैसा नाही, मानधन महिनोन्‌महिने थकतं. या कामाचा अभिमान कशाचा बाळगायचा?” एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून नुकती वस्तीत उतरलेली पोरं हे विचारतात, तसे या कामात केस पांढरे झालेलेही विचारतात. इथली हकिगत सल्ला घ्यायला आलेल्या अशाच एका कार्यकर्तीची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत तिचं काम. निधी आटल्यावर तिघी कार्यकर्त्यांकडची घरं हिच्या एकटीवर आली आणि प्रवासभत्ता बंद झाला. पण तक्रार तिने वेगळीच सांगितली: “एका गल्लीतनं जायचंच टाळते. लांबनं वळसा घालून जाते.”

त्या गल्लीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक विधवा राहते. संजय गांधी निराधार योजनेचा तिचा अर्ज अडकलेला. भेटली की विचारायची, “ताई, माझं पैसं कधी येणार?” आणि ही म्हणायची, “होतंय की मावशी.” होणार नव्हतं, हे हिला ठाऊक होतं. योजनेतून विधवेला मिळतात महिना १,५०० रुपये आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. मुलगा मागावर जातो. त्याचा पगार धरला की अट मोडते. उत्पन्नाचा खरा दाखला काढला तर अर्ज फेटाळला जाणार. खोटा काढून द्यायला दलाल तयार, पण ते हिला पटत नव्हतं. हा पेच अटीने घातलेला, तरी ती तो स्वतःच्या नालायकीच्या खात्यावर मांडत होती.

आधी आजार आणि थकवा वेगळे काढावे लागतात. झोप, भूक, सुट्टीच्या दिवशी मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. हिला रविवारी बरं वाटायचं आणि सोमवारी सकाळी पोटात कळ यायची, म्हणजे मूळ कामात होतं. अशा वेळी ध्यानधारणेचा सल्ला देऊन परत पाठवणं सोपं असतं. पण त्यातून प्रवासभत्ता सुरू होत नाही की दाखला निघत नाही.

मग वही घेतली. मागच्या महिन्यातल्या प्रत्येक घराला एक ओळ, तीन रकाने: मी काय केलं, पैसे सोडून घराला काय मिळालं, आणि काम नेमकं कुठल्या टेबलावर, कुठल्या कागदासाठी थांबलंय. पहिल्या आठवड्यात तिने दुसरा रकाना जवळजवळ कोरा आणला. खोदून विचारल्यावर निघालं की एका घराला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळाला होता आणि दुसऱ्या घरातला पोरगा परत शाळेत बसला होता. ‘ते काय, किरकोळ’ म्हणून तिने लिहिलंच नव्हतं. अभिमानाची जागा हीच, आणि ती फक्त मंजुरीच्या आकड्याकडे बघत होती. मंजुरी तिच्या हातात कधीच नव्हती.

तिसऱ्या रकान्याने जास्त काम केलं. अडलेली बहुतेक प्रकरणं दोनच ठिकाणी अडली होती. काही बायकांचं बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. अनुदान थेट खात्यावर येतं, त्यामुळे जोडणी नसली की मंजूर पैसेही लटकतात. त्या सगळ्यांना एकाच दिवशी बँकेत नेलं आणि तो गुंता सुटला. उरलेली प्रकरणं उत्पन्नाच्या अटीची. ती तिच्याने सुटणारी नव्हती, म्हणून नावं न घालता एका पानावर मांडून संस्थेमार्फत वर पाठवायची ठरवली. दाखल्याला नुसता उशीर होत असेल तर गोष्ट निराळी: २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्जाच्या पावतीवरची मुदत टळल्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. पावती मात्र मागून घ्यावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

याच वहीत दिसलं की त्या मावशींची धाकटी मुलगी शाळेत आहे आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज कुणी केलेलाच नाही. वडील गेलेल्या मुलांना त्यात महिना २,२५० रुपये मिळू शकतात. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. निराधार योजनेच्या पेन्शनच्या नादात सगळ्यांची नजर तिथून सुटली होती.

गल्लीत जाऊन काय बोलायचं, याची बसून तालीम केली. “मावशी, तुमचा अर्ज उत्पन्नाच्या अटीवर अडलाय. त्यात बसणं अवघड आहे. मुलीसाठी दुसरा अर्ज करूया. १५ तारखेला चौकशी करून मी स्वतः सांगायला येते.” कुठे अडलं, काय होणार नाही, काय करतोय, पुन्हा कधी येणार, एवढं त्यात आलं पाहिजे. तारीख लांबची असली तरी चालते, चुकलेली चालत नाही. मावशी चिडल्या: “मग हे आधीच सांगायचं की!” पण वळसा घालणं संपलं.

खिशातून पैसे देणं हा आणखी एक खड्डा. रिक्षाभाडं, औषध, पोराची फी असं करत स्वतःचं मानधन थकलेल्या महिन्यात ती उसनवारीवर आली होती. संस्थेत छोटा तातडीचा निधी आणि त्याची नोंदवही ठेवायला सांगितलं; तोवर स्वतःच्या पाकिटाला हात लावायचा नाही.

सहकाऱ्यांची पंधरवड्याची बैठकही सुरू झाली आणि पहिल्यांदा नुसत्या गाऱ्हाण्यांत विरली. नंतर नियम केला: पाऊण तास, एकच प्रकरण, शेवटची दहा मिनिटं ‘कोण काय करणार’ यासाठी. “ह्यांना सगळं फुकटच पाहिजे” असं कुणी लोकांबद्दल बोलू लागलं तर त्याला झापायचं नाही, त्याच्याकडची घरं मोजायची. तुसडेपणा बहुधा ओझ्यातून येतो.

संस्थाचालकांनाही एक सांगणं आहे. २६ जूनला, जयंतीदिवशी, शाहू महाराजांच्या कार्यावर भाषण देऊन थकलेलं मानधन भरून निघत नाही. महाराजांनी शिक्षण मोफत केलं, वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. त्यांची कळकळ खर्चाच्या वहीत दिसायची. तिने संस्थेला लेखी पत्र दिलं: एका कार्यकर्तीकडे जास्तीत जास्त किती घरं, प्रवासभत्ता किती, मानधन कुठल्या तारखेला. भत्ता परत सुरू झाला, मानधन अजून उशिरा येतं. सहा महिन्यांत ते सुधारलं नाही तर दुसरीकडे अर्ज करायचा, हेही तिने लिहून ठेवलंय, आणि त्यात पळपुटेपणा काही नाही.

सुट्टीतही मन लागत नसेल आणि झोप-भूक सलग दोन आठवडे उडाली असेल तर वही-रकान्यांवर थांबू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.