फिजिक्समध्ये गट करून चर्चा घेतल्याने संकल्पना खरंच पक्क्या होतात का? गट केवढा असावा?

गट तिघांचा. एक बाक, एक गट. चौथा आला की तो फक्त वही उतरवतो.

आता पहिला प्रश्न. नागपुरात एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला शिकवत होतो, वर्गात ७२ पोट्टे. एकदा लाकडी पाटीवर दोन होल्डर सिरीजमध्ये जोडून नेले. एकात ४० वॅटचा बल्ब, दुसऱ्यात १०० चा. बटण दाबायच्या आधी विचारलं, जास्त कोणता पेटेल? आधी गुपचूप वहीत लिहा. पंचेचाळीस जणांनी १०० लिहिलं. आदल्याच आठवड्यात आय स्क्वेअर आरची (करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे पॉवर) गणितं धडाधड सोडवणारे हेच! मग म्हटलं, आता बाकावरच्या दोघांना पटवा.

पाच मिनिटं नुसता गलका. उमरेडहून अप-डाउन करणारी एक मुलगी शेजारणीवर खेकसली, "अगं, करंट दोघांतून तोच जाऊन राहिला ना! ४० चा रेझिस्टन्स जास्त, मग तोच जास्त पेटन."

नेमके तेव्हाच विभागप्रमुख दारात. "हा वर्ग आहे का कॉटन मार्केट?"

मी म्हटलं, सर, तुम्हीच सांगा, कोणता?

"हे बोर्डात येतं का?" म्हणाले आणि गेले. त्यांनाही १०० च वाटत होतं, असा माझा आजही संशय आहे. बटण दाबलं. ४० चा लख्ख, १०० च्या तारेत जेमतेम लाली.

दुसऱ्या दिवशी मला लेखी समज. वर्गात शिस्त नाही, पोर्शन मागे.

सरांना तेव्हा सांगता आलं नाही ते इथे सांगतो. अमेरिकेतले फिजिक्सचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसमधल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या मेकॅनिक्सच्या चाचण्यांचे आकडे मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी २३ टक्के भरून निघालं, चर्चा-कृतीच्या वर्गांत ४८. कॉटन मार्केटच परवडलं की!

हां, एलईडी बल्बवर हा प्रयोग होत नाही, फिलामेंटचेच शोधा. २३० व्होल्ट आहे, पोरांना हात लावू देऊ नका. आणि सगळ्यांनाच उत्तर येत असेल किंवा कोणालाच येत नसेल, तर चर्चेत तास वाया जातो. गणितांचा सराव तर वेगळाच घ्यावा लागतो.

पोर्शन मात्र त्या वर्षी खरंच मागे पडला होता. सेमीकंडक्टर दोन तासांत उरकलं.