अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला नवीन आलोय, जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येतायत, मुलगा 8 वर्षांचा आहे. घरामागूनच डब्ल्यू अँड ओडी ट्रेल (चालण्या-सायकलिंगचा डांबरी रस्ता) जातो. त्यावर कुठला भाग करावा आणि आसपास बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही नशीबवान आहात, घरामागून हा ट्रेल म्हणजे काय हवं अजून. आम्ही इथे बरीच वर्षं आहोत आणि दर वीकेंडला कुणी ना कुणी आमच्यातलं त्याच्यावर असतंच, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

आधी एक सांगतो म्हणजे सगळं सोपं होईल. हा ट्रेल म्हणजे जुनी रेल्वे लाईन आहे, वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन. 1859 पासून 1968 पर्यंत इथून गाड्या धावल्या, मग रूळ उखडले गेले, जागा वीज कंपनीने तारा न्यायला घेतली आणि नंतर पार्कवाल्यांनी ती ट्रेलसाठी घेतली. 1974 ला फॉल्स चर्चमध्ये पहिला तुकडा डांबरी झाला आणि 1988 ला पर्सेलव्हिलपर्यंत पोचला. आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिल, एकूण 45 मैल, म्हणजे 72 किलोमीटर. दर अर्ध्या मैलाला खांब आहे, कुठे आहात ते लगेच कळतं.

रेल्वे असल्याचा फायदा असा की बहुतेक ठिकाणी चढ अगदी सौम्य. माझे बाबा भुसावळला रेल्वेत होते, रुळांच्या कामावर. ते पहिल्यांदा आले तेव्हा हर्नडनजवळ पाच-दहा मिनिटं चालले, थांबले, मागे वळून बघितलं आणि म्हणाले "हा रस्ता नाही रे, ही लाईन आहे, बघ वळण कसं घेतलंय". मी तोपर्यंत त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यानंतर तीन महिने रोज सकाळी ते एकटे जायचे, गुडघे दुखत असूनसुद्धा, कारण या भागात कुठेच दम लागण्यासारखं नाही.

दुसरा फायदा म्हणजे स्टेशनं. जिथे स्टेशन तिथे गाव, आणि जिथे गाव तिथे बाक, टॉयलेट, कॉफी. म्हणून आई-बाबांना घेऊन जाताना मधल्या कुठल्यातरी पार्किंगमधून सुरू करू नका, स्टेशनापासून करा.

तुमचं हर्नडनच घ्या, शर्लिंग्टनपासून 20 व्या मैलाला. 1857 चं लाकडी डेपो, म्हणजे जुनं स्टेशन, अजून उभं आहे, आत छोटं म्युझियम आहे (उघडं कधी असतं ते बघून जा), शेजारी लाल कबूज, म्हणजे मालगाडीच्या शेवटी लागायचा तो गार्डचा डबा. इथून वॉशिंग्टनला दूध जायचं हे आईंना सांगा, आमच्या आईला तेच सगळ्यात आवडलं. हर्नडन ते रेस्टन टाउन सेंटर जेमतेम दोन मैल, मुलाला सायकलवर नेऊन आणायला एकदम बरोबर, तिथे कारंजं आहे, खायला भरपूर आहे, आणि जाऊन-येऊन चार मैलांत 8 वर्षांचं पोर कंटाळत नाही. पाहुण्यांसाठी सायकल विकत घेऊ नका, रेस्टनला कॅपिटल बाईकशेअरच्या भाड्याच्या सायकली मिळतात.

व्हिएन्ना, 12 व्या मैलाच्या आसपास, माझ्या मते आई-बाबांसाठी सगळ्यात छान. गाडीने जा. ट्रेलला लागूनच 1859 चं फ्रीमन स्टोअर आहे, अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याचं हॉस्पिटल केलं होतं, आता खाली जुन्या पद्धतीचं दुकान आणि वर म्युझियम. इथेही लाल कबूज आणि जुनं स्टेशन. 17 जून 1861 ला याच लाईनीवर ओहायोच्या सैनिकांची गाडी येत असताना तिच्यावर दक्षिणेच्या सैन्याने तोफा डागल्या होत्या, तिथे आता माणसं कुत्री फिरवतात. तिथून पुढे मेडोलार्क बोटॅनिकल गार्डन्सला जोडरस्ता जातो पण त्याला चढ आहे, आई-बाबांना गाडीनेच न्या. 95 एकर आहे, तिकीट लागतं, आणि कोरियन बेल गार्डन चुकवू नका, लाकडी मंडपात टांगलेली प्रचंड मोठी घंटा आहे.

स्टर्लिंग-ॲशबर्नचा पट्टा मात्र जूनमध्ये दुपारी नको. वर विजेच्या तारा आहेत त्यामुळे झाडं छाटलेली, डोक्यावर ऊन, बाजूला डेटा सेंटर्सच्या भिंती. सकाळी सातच्या आत ठीक आहे.

आणि एक दिवस काढून लीझबर्गच्या पश्चिमेला जाच जा. 34 व्या मैलाला लीझबर्ग, तिथून क्लार्क्स गॅपपर्यंत चढत जातं, हाच या ट्रेलचा सर्वात उंच भाग, सायकलवाल्यांना इथे घाम फुटतो. आम्ही पियोनियन स्प्रिंग्जला गाडी लावतो आणि थोडंसंच चालतो. दोन्ही बाजूला डोंगर कापलेला, गर्द झाडी, आणि मग जुनी दगडी कमान येते, रेल्वेवरून रस्ता जायचा त्याची. बाबा त्या कमानीखाली उभे राहिले, एका दगडावर हात फिरवला, सांध्यातला चुना नखाने खरवडून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फक्त "घाटातली आठवण झाली" एवढंच.

आता एक गोष्ट अगदी मनापासून, कारण आम्ही घाबरलो होतो. मागून येणारे सायकलवाले "ऑन युवर लेफ्ट" ओरडतात, म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही उजवीकडेच राहा. आईला फक्त "लेफ्ट" ऐकू आलं, त्यात आपल्याकडे डावीकडे व्हायची सवय, आणि ती नेमकी डावीकडेच सरकली. सायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला, आईच्या पदराला हँडल घासून गेलं, नशिबाने कुणी पडलं नाही. तेव्हा घरातून निघायच्या आधीच दोघांना सांगा, काहीही ऐकू आलं तरी उजवीकडेच, आणि चौघं एका रांगेत पसरून चालायचं नाही. फॉल्स चर्चमध्ये पायी आणि सायकलसाठी वेगवेगळे रस्ते आहेत, ते फार निवांत वाटतं, ईस्ट फॉल्स चर्च मेट्रो स्टेशन जवळच आहे त्यामुळे गाडीपण नको. आणि मुलाला प्रत्येक रोड क्रॉसिंगला सायकलवरून उतरायलाच लावा, गाड्या थांबतील असं धरून चालू नका.

पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या. आणि तुमचे बाबा रेल्वेतले असतील तर मला नक्की कळवा, माझे बाबा पुढच्या उन्हाळ्यात परत येतायत, दोघांना एकत्र कमानीपर्यंत नेऊ.