लहानपणीच्या वाचनावरच पुढे कादंबऱ्यांची आवड ठरते का?

बरीचशी ठरते. निदान माझी तरी ठरली.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घराला लागूनच यंत्रमाग, दिवसभर खटखटाट. त्यात वाचायचं तर गोष्ट पकडून ठेवणारीच हवी. शेजारच्या काकांकडे बाबूराव अर्नाळकरांचा गठ्ठा होता. (या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या!) पुस्तकं इतकी हाताळलेली, की बहुतेकांची शेवटची पानं गायब. खुनी कोण, हे मी आणि धाकटा भाऊ रात्री गच्चीवर भांडून ठरवायचो.

परिणाम असा की आजही शेवट उघडा सोडणारी कादंबरी मला आवडते, आणि सगळं समजावून सांगणारा लेखक नकोसा होतो.

तोटाही झाला. विशीत ‘कोसला’ (१९६३) हातात घेतली, तर पन्नास पानं झाली तरी कुणाचा खून होईना म्हणून ठेवून दिली. चार वर्षांनी, नोकरी नसताना, पुन्हा उघडली आणि दोन दिवसांत संपवली. म्हणजे आवड वाढते, पण जुनी खोड जात नाही. अजूनही नवी कादंबरी घेतली की मी आधी शेवटचं पान जागेवर आहे का ते बघतो.