ऑडिओ इंटरफेस जोडण्यापूर्वी

हार्मोनियम आणि गायन घरीच ध्वनिमुद्रित करण्यासाठी तुम्ही पहिला ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारे यंत्र) घेतलात, याचा मनापासून आनंद झाला. विंडोजवर उत्पादकाचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोहोचवणारे सॉफ्टवेअर) बसवून घ्या, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पलवर ठेवा आणि आवाज तुटू लागला तर 256 करा.

सर्वांत जास्त काळजी 48 व्होल्टच्या फँटम पॉवरची, म्हणजे इंटरफेस केबलमधून मायक्रोफोनला पुरवतो त्या विजेची, घ्यावी. बहुतेक कंडेन्सर मायक्रोफोनना ती लागते, परंतु काही जुन्या रिबन (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या) मायक्रोफोनना तिच्यामुळे इजा होऊ शकते. म्हणून केबल जोडताना किंवा काढताना ती बंद असावी, गेन (मायक्रोफोनचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी पातळी) आणि स्पीकरचा आवाज शून्यावर असावा आणि हेडफोन कानांवर नसावेत. यंत्र पुन्हा विकत घेता येते, श्रवणशक्ती नाही. स्पीकर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत.

गेन लावताना तुमची सर्वांत जोरकस तान घेऊन पाहा; 24 बिटमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या सूक्ष्मतेची सेटिंग) आवाजाचे शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिले तरी पुरेसे आहे, कारण शून्याला, म्हणजे कमाल पातळीला, धडकून फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

सोलापुरात यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर खडखडाट भिंतींतूनही आत येतो, त्यामुळे तेथे संवेदनशील कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ धरून गाणे मला अधिक योग्य वाटते. आवाजात घुमघुम येत असेल तर लॅपटॉप आणि स्पीकर अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डला जोडून पाहा, पण घुमघुम घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नका. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा धूळ बसू नये म्हणून घातलेले कापड यंत्र सुरू असताना काढून ठेवा.